तळ्यावर दीपगृह कशाला? अण्णांना स्प्लिट रॉकला न्यायचंय, सल्ला हवा

थळची मीनल (21 ऑक्टोबर)

नमस्कार. मी बारा वर्षं मिनियापोलिसजवळ राहते. इथले धागे नेहमी वाचते, स्वतः मात्र पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझे वडील, अण्णा, सप्टेंबरपासून आमच्याकडे आहेत. वय 76. आई गेल्या वर्षी गेली, त्यानंतर त्यांची ही पहिलीच फेरी. अण्णांनी सगळी नोकरी दीपगृहांवर केली. कोकण किनाऱ्यावर बदल्या होत राहिल्या आणि शेवटची काही वर्षं खांदेरीला मिळाली. खांदेरी म्हणजे आमच्या थळसमोरचंच बेट. गावात त्यांना अजून 'बत्तीवाले' म्हणतात. आम्ही भावंडं लहान असताना रात्री अंगणात उभं राहून बेटावरचा झोत मोजायचो. आई म्हणायची, झोत दिसला की समजायचं अण्णा जागे आहेत. पावसाळ्यात होडी बंद पडली की आठवडेच्या आठवडे तेवढीच त्यांची खबर.

इथे आल्यापासून ते गप्प गप्प आहेत. खिडकीत बसतात. मेपलची पानं पडताना बघतात, चहा पितात, पुन्हा खिडकीत. तक्रार काही नाही. एकदाच विचारलं, "इथनं समुद्र किती लांब?" मी सांगितलं, समुद्र फार लांब, पण उत्तरेला तीन-चार तासांवर लेक सुपीरियर आहे, त्याच्या काठावर जुनं दीपगृह आहे, जाऊया. तर म्हणाले, "तळ्यावर दीपगृह कशाला? तळ्यात कोण वाट चुकतंय?" आणि विषय संपला.

माझ्या वाचनात आलंय की दर वर्षी 10 नोव्हेंबरला स्प्लिट रॉक दीपगृहाचा दिवा संध्याकाळी लावतात, बुडालेल्या एका जहाजाच्या स्मरणार्थ. मला त्यांना त्या दिवशी न्यायचंय. बंद दीपगृह दाखवण्यात त्यांना काय वाटणार? पेटलेली बत्ती दाखवायची आहे.

अडचणी अशा. उजवा गुडघा दुखरा आहे, काठी लागते. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे अंधारात पायऱ्यांचा अंदाज चुकतो. थंडी त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही, नोव्हेंबरात तिथे कितपत असते? मनोऱ्यावर चढण किती? गर्दीत उभं राहावं लागतं का? आणि मुख्य म्हणजे 'तळ्यावर दीपगृह कशाला' याचं नीट उत्तर मला देता आलं नाही. कोणाला माहिती असेल तर त्यांना वाचून दाखवीन. इंटरनेटवरचं इंग्रजी ते वाचतात, पण मराठीत कोणी आपल्यासारख्याने सांगितलं तर जास्त पटेल.

---

उत्तरकिनारा (22 ऑक्टोबर)

मीनलताई, जरूर न्या. मी तळ्याकाठच्या डुलुथला एकोणीस वर्षं आहे आणि 10 नोव्हेंबर सहसा चुकवत नाही. आधी अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण मूळचा मी रत्नागिरीचा, आणि इथे आल्यावर माझ्याही मनात तोच प्रश्न होता.

अण्णा, याला तळं म्हणतात ते फक्त पाणी गोडं म्हणून. लांबी साधारण 560 किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून पणजीच्या जवळपास पोचाल एवढी. क्षेत्रफळ 82 हजार चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. सगळ्यात खोल जागी 406 मीटर. समोरचा काठ दिसत नाही. भरती-ओहोटी जाणवत नाही, मात्र वारा सुटला की लाटा उठतात त्या आपल्या समुद्रासारख्या लांब, संथ नसतात. आखूड, उभ्या आणि लागोपाठ येतात. सावरायला जहाजाला वेळच मिळत नाही.

आता वाट कोण चुकतंय, ते. मिनेसोटात लोखंडाच्या खाणी आहेत. खनिज रेल्वेने टू हार्बर्स आणि डुलुथच्या धक्क्यांवर यायचं आणि तिथनं जहाजांनी पूर्वेच्या पोलाद कारखान्यांकडे जायचं, आजही जातं. या किनाऱ्याच्या खडकांतही लोहखनिज आहे आणि जवळ गेलं की होकायंत्राची सुई भरकटते, असं त्या काळच्या जहाजवाल्यांचं सांगणं होतं. धुकं, बर्फ, वर भरवशाचं नसलेलं होकायंत्र. मग वाट चुकणारच.

28 नोव्हेंबर 1905 ला मोठं वादळ झालं. एकोणतीस जहाजांना त्याचा मार बसला. 'मटाफा' नावाचं जहाज डुलुथच्या कालव्यात शिरता शिरता धक्क्याच्या भिंतीवर आदळलं आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मोडलं. गावातले लोक शेकोट्या पेटवून रात्रभर काठावर उभे होते, कारण लाटांमुळे होडी घालता येईना. सकाळी नऊ खलाशी मेलेले सापडले, त्यातले काही थंडीने गोठून. मी रोज त्या कालव्यावरून फिरायला जातो. अंतर बघितलं की पोटात खड्डा पडतो, इतकं ते कमी आहे.

त्याच वादळात 'विल्यम एडनबॉर्न' हे जहाज 'मडीरा' नावाचा बार्ज ओढून नेत होतं. एडनबॉर्न स्प्लिट रॉक नदीच्या मुखाजवळ किनाऱ्याला लागलं. सुटलेला मडीरा गोल्ड रॉक नावाच्या उभ्या कड्यावर आपटत राहिला. त्यावरच्या फ्रेड बेन्सन नावाच्या खलाशाने दोर घेऊन कड्यावर उडी मारली, चढून वर गेला आणि वरून दोर सोडून सोबत्यांना ओढून घेतलं. नऊ वाचले, एक गेला. गोल्ड रॉक दीपगृहापासून अगदी जवळ आहे, मडीराचे अवशेष अजून त्याच्या पायथ्याशी पाण्यात आहेत.

पोलाद कंपनीने सरकारकडे धरणं धरलं आणि 1907 मध्ये 75 हजार डॉलर मंजूर झाले. इथे रस्ता नव्हता. विटा, सिमेंट, लोखंड, माणसं, सगळं तळ्यातून होडीने आणायचं आणि 130 फूट उंच कड्यावर क्रेनने चढवायचं. 1910 च्या उन्हाळ्यात दिवा लागला. पहिला मुख्य लाइटकीपर पीट यंग, त्याच्या हाताखाली दोन मदतनीस. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते दोघे मदतनीस टपाल आणायला होडीने बीव्हर बेला गेले आणि बुडाले. खांदेरी-थळ होडीवर दिवस काढलेल्या माणसाला याहून जास्त काही सांगायला नको.

आता व्यवहाराचं. डुलुथहून हायवे 61 ने साधारण पाऊण-एक तास. मनोरा बुटका आहे, फक्त 54 फूट. उंची सगळी कड्याची, दिवा पाण्यापासून 168 फुटांवर येतो. आत लोखंडी गोल जिना आहे, अरुंद आहे, पण लांबलचक नाही. गुडघा दुखत असला तरी दमादमाने जमेल. माहिती केंद्रापासून दीपगृहापर्यंत पायी जावं लागतं, अंतर थोडंच. बर्फ पडून गोठलं तर ती वाट निसरडी होते. काठीला खाली खिळा असलेली टोपी मिळते, ती आधीच घेऊन ठेवा. तापमान शून्याच्या आसपास असेल, पण कड्यावरचा वारा हाडांत शिरतो. कानटोपी, लोकरी मोजे दोन जोड, वर वारा अडवणारं जॅकेट. तिकिटाचं आधी बघून घ्या, त्या दिवशी गर्दी असते. घडीची खुर्ची गाडीत टाका.

कार्यक्रम साडेचारच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा सूर्य मावळतच असतो. तो 'एडमंड फिट्झजेराल्ड'साठी असतो. 729 फूट लांब जहाज. 9 नोव्हेंबर 1975 ला दुपारी डुलुथसमोरच्या सुपीरियर बंदरातून 26 हजार टन खनिजाच्या गोळ्या भरून निघालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफिश उपसागराच्या तोंडाशी बुडालं. एकोणतीस माणसं होती. एकही वाचला नाही, एकाचाही देह मिळाला नाही. मागून येणाऱ्या 'आर्थर अँडरसन' जहाजाने सातच्या पुढे रेडिओवर विचारपूस केली, तेव्हा कॅप्टन मॅकसॉर्ली म्हणाले, आम्ही तग धरून आहोत. नंतर काही मिनिटांत रडारवरचा ठिपका गेला.

एक गोष्ट अण्णांना सांगावी की नाही ते तुम्ही ठरवा. त्या संध्याकाळी वादळात व्हाइटफिश पॉइंटच्या दीपगृहाचा दिवा आणि तिथला रेडिओ बीकन (रेडिओवरून दिशा कळवणारं यंत्र), दोन्ही बंद पडली होती. फिट्झजेराल्डचं रडार आधीच गेलेलं. ते लोक रेडिओवरून दुसऱ्या जहाजांना विचारत होते, व्हाइटफिशचा दिवा दिसतोय का. ते दीपगृह तोवर स्वयंचलित झालेलं होतं.

---

काचकाम (22 ऑक्टोबर)

मी पुण्यात भिंगं घासण्याच्या कामात तीस वर्षं घालवली. स्प्लिट रॉकला 2016 मध्ये मुलीबरोबर गेलो होतो, तेव्हा मनोऱ्यातून खाली यायला मन होईना. उत्तरकिनारा यांनी बाकी सगळं सांगितलं, मी फक्त भिंगाबद्दल लिहितो. अण्णांना त्यातलं बरंच हातचं असणार.

भिंग फ्रेनेल पद्धतीचं, तिसऱ्या श्रेणीचं (श्रेणी म्हणजे इथे आकारमान, दर्जा नव्हे), पॅरिसच्या बार्बिए, बेनार आणि ट्युरेन या कारखान्यात घडवलेलं. त्याचे दोन अर्धे एकमेकांसमोर धरलेल्या शिंपल्यासारखे आहेत. प्रत्येक अर्ध्यात मधोमध फुगीर भिंग आणि भोवती लोलकांची कडी. मधली कडी प्रकाश वाकवतात, बाहेरची आतल्या आत परावर्तन करून वळवतात, आणि दिव्याचा चौफेर फाकलेला उजेड आडव्या झोतात गोळा होतो. दोन शिंपल्या म्हणून दोन झोत. भिंग वीस सेकंदांत एक फेरा घेतं, म्हणून जहाजावरच्या माणसाला दर दहा सेकंदांनी एक लख्ख चमक दिसते. अधिकृत पल्ला 22 मैलांचा.

हे सगळं धूड पाऱ्यावर तरंगतं. बोटाने ढकललं तरी हलेल इतकं घर्षण कमी. फिरवायला घड्याळासारखं यंत्र, त्याला वजनं, वजनं मनोऱ्याच्या पोटातून खाली उतरत जातात. दर दोन तासांनी किल्ली फिरवून ती वर घ्यायची. रात्रभर. 1940 मध्ये वीज आली आणि हजार वॉटचा बल्ब लागला, त्याआधीची तीस वर्षं आत रॉकेलचा दिवा होता, हवेच्या दाबाने रॉकेलची वाफ करून मँटल तापवणारा. म्हणजे आपली गॅसबत्ती! लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरायचे, दशावताराच्या रंगमंचावर टांगायचे, तीच. एवढ्याशा मँटलचा उजेड भिंगाने 22 मैल नेला, हे मला तिथे उभं राहून कळलं. आकडा आधी वाचलेला होता, पण वाचून कळणं वेगळं.

मीनलताई, अण्णांना एक विचाराल का? पारा गाळून घेताना ते कापड कुठलं वापरायचे? मी कारखान्यात पाहिलंय ते हरणाच्या कातड्यासारखं मऊ चामडं, पण दीपगृहावर काय पद्धत होती ते कुणाकडून ऐकलेलं नाही.

---

समिधा (23 ऑक्टोबर)

आमच्या सासऱ्यांना घेऊन आम्ही गेलो होतो तो उन्हाळा होता, त्यामुळे थंडीचं सांगता येणार नाही. पण मीनल, एका दिवसात जाऊन-येऊन करू नकोस. परतीचा रस्ता अंधारातला आणि हरणं आडवी येतात. टू हार्बर्सला राहा. तिथलं 1892 चं लाल विटांचं दीपगृहही दिसेल, आणि खनिजाचे धक्के तर बघण्यासारखेच. जहाज भरताना दिसलं तर अण्णा तिथून हलणार नाहीत.

आणि व्हाइटफिशच्या दिव्याचं त्यांना सांग. आयुष्यभर दिवा सांभाळलेल्या माणसापासून ते लपवू नये असं मला मनापासून वाटतं.

---

थळची मीनल (24 ऑक्टोबर)

तिघांचेही किती आभार मानू. काल जेवण झाल्यावर सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. महाराष्ट्राचा पाव भाग हे ऐकून अण्णा सरळ बसले. मटाफाच्या शेकोट्यांपाशी त्यांनी चष्मा काढला. दोन मदतनिसांचं आलं तेव्हा म्हणाले, "शीड बांधून ठेवलं असणार. वाऱ्यात शीड बांधायचं नसतं, दोरी हातात ठेवायची." मग बराच वेळ नावाड्यांची नावं घेत होते, मला माहीत नसलेली.

व्हाइटफिशचा भाग मी वाचला. म्हणाले, "परत वाच." परत वाचला. मग, "तिथे माणूस नव्हता?" मी म्हटलं, स्वयंचलित होतं, वादळात वीज गेली. ते काही बोलले नाहीत. झोपायच्या आधी दारात येऊन म्हणाले, "10 तारखेला किती वाजता निघायचं?"

काचकाम, तुमचा प्रश्न विचारला. जुनं धुवट मलमल, चार पदरी, असं सांगितलं. आईच्या जुन्या साडीचाही तुकडा एकदा नेला होता म्हणे. हातमोजे कोणी देत नसे आणि पारा विषारी आहे हे त्यांना फार उशिरा कळलं. दिवसा खोलीचे पडदे ओढून ठेवायचे, नाहीतर उन्हाचा झोत उलटा आत गोळा होऊन आग लागते, हे मात्र पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी शिकवलं होतं. हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. बावन्न वर्षांची झालेय मी.

---

उत्तरकिनारा (24 ऑक्टोबर)

त्या दिवशी मी असेन. निळी कानटोपी, कालव्याच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला सरावलेला माणूस. अण्णांसाठी थर्मासमध्ये आल्याचा चहा आणतो.

---

थळची मीनल (12 नोव्हेंबर)

जाऊन आलो. जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यामुळे गेलो.

आदल्या दिवशी टू हार्बर्सला पोचलो. समिधा, तुझं खरं झालं. धक्क्याला एक जहाज लागलं होतं. अण्णा दीड तास थंडीत उभे. पहिली गोष्ट त्यांनी काय केली, तर काठीच्या आधाराने वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. "खरंच गोडं." मग नाक वर करून म्हणाले, वास नाही. खाऱ्या वाऱ्याचा, सुक्या बोंबलाचा, चिखलाचा, कसलाच वास नाही, आणि तरी लाटेचा आवाज तोच. ओहोटी कधी लागते म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. ओहोटी नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. धक्क्यावर परत आल्यावर पाण्याची खूण तिथेच आहे का ते बघत होते.

10 तारखेला दुपारी तीनला स्प्लिट रॉकला. वारा होता, बर्फ थोडं भुरभुरत होतं. वाटेवर उत्तरकिनारा भेटले. अण्णांच्या पाया पडले, आणि दोघांचं बोलणं इतकं सुरू झालं की माझी गरजच उरली नाही. रत्नागिरीच्या भगवतीच्या किल्ल्यावरचं दीपगृह, तिथली माणसं, कोण कुठे बदलून गेलं.

दीपगृहाजवळ पोचताच अण्णांनी कठड्याच्या लोखंडाला हात लावला. हातमोजा काढून. "गंज नाही गं." आमच्याकडे दर पावसाळ्यानंतर खरवडा आणि रंग लावा, खरवडा आणि रंग लावा, यातच अर्धी नोकरी गेली असं ते नेहमी सांगत. गोड्या पाण्याकाठी लोखंड इतकं टिकतं हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं असं मला वाटलं. शंभर वर्षांच्या वरची इमारत, आणि विटांची कड अजून धारदार. "इथल्या माणसाला रात्री तरी झोप मिळत असेल," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नाही, दोन तासांनी किल्ली होतीच."

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सगळे गप्प. एकेक नाव वाचतात आणि घंटा एकदा वाजते. एकोणतीस नावं. वयं विशीपासून साठीपर्यंतची. मी खुर्ची उघडली होती, अण्णा बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे. एकोणतिसाव्यानंतर घंटा आणखी एकदा वाजली, या सगळ्या मोठ्या तळ्यांत बुडालेल्या सर्वांसाठी. अण्णांनी हात जोडले. ओठ हलत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, वेताळाचं नाव घेतलं. खांदेरीला वेताळाचं देऊळ आहे, होडी बेटाला लागली की कोळी लोक आधी तिथे जातात. दुसरं कोणाचं नाव घ्यायचं ते सुचलं नाही, म्हणाले.

मग वर दिवा लागला. अंधार नुकता दाट होत होता. झोत आमच्या डोक्यावरून तळ्यावर गेला आणि बर्फाचे कण त्यात दिसायला लागले. मी अण्णांकडे बघत होते. ते वर बघतच नव्हते. पाण्याकडे तोंड करून उभे होते आणि बोटांच्या पेरांवर मोजत होते. तीन फेऱ्या मोजून म्हणाले, "दहा. बरोबर आहे."

मनोऱ्यात चढायला रांग होती. उत्तरकिनारा पुढे, मी मागे, अण्णा मध्ये. प्रत्येक पायरीवर आधी काठी, मग डावा पाय. गुडघा नक्कीच दुखला असणार, पण चेहऱ्यावर काही नाही. वर जुन्या लाइटकीपरचा गणवेश घातलेले एक गृहस्थ माहिती देत होते. मी सांगितलं, माझे वडीलही भारतात हेच काम करायचे. त्या गृहस्थांनी टोपी काढली आणि हात पुढे केला. अण्णांनी तो दोन्ही हातांत धरला. मग अण्णांच्या इंग्रजीत आणि माझ्या मदतीने त्यांचं बोलणं झालं, पारा, वजनं, मँटल. मागची रांग थांबली होती, पण कोणी कुरकुर केली नाही. एक बाई तर पुढे सरकून ऐकायला लागल्या.

भिंग फिरत होतं. इतक्या जवळून मी कधीच पाहिलं नव्हतं, खांदेरीलाही नाही. लहानपणी आम्हाला वर येऊ द्यायचे नाहीत. काचेच्या कड्यांतून उजेड जाताना भिंतीवर सप्तरंगी पट्टे सरकत होते. काचकाम, तुम्हाला का खाली यायचं नव्हतं ते कळलं. अण्णांनी हात मागे बांधले होते. मला वाटलं थंडीमुळे. खाली आल्यावर सांगितलं, "भिंगाला बोट लावायचं नसतं. सवय आहे."

खाली उत्तरकिनारांचा चहा प्यायलो. आलं जास्त होतं, तेच हवं होतं. 1969 साली हे दीपगृह बंद झालं, आता फक्त वर्षातून काही वेळा दिवा लावतात, असं त्यांनी अण्णांना सांगितलं. अण्णांनी विचारलं, मग आता जहाजं कशी जातात? उपग्रहावरून. "हो, आपल्याकडेही." थोडा वेळ गेला. "पण वीज गेली तर?" उत्तरकिनारांनी सांगितलं की जहाजावर दोन-दोन यंत्रं असतात, बॅटरी असते. अण्णांनी मान हलवली. समाधान झालं नव्हतं, ते मला दिसत होतं.

परत निघालो. हायवेवर थोडं पुढे गाडी उभी करायला जागा आहे, तिथून कडा आणि दिवा दिसतो. अण्णा म्हणाले, थांबव. काच खाली कर. दहा मिनिटं झाली असतील. मी मागे बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते आणि पापण्यांवर दर दहा सेकंदांनी फिकट उजेड येत होता. मला वाटलं झोप लागली. गाडी चालू करायला हात नेला तर म्हणाले, "जागा आहे मी."

उत्तरकिनारा, ती काठीची खिळ्याची टोपी गाडीतळावर लागलीच, तिथे पातळ बर्फ झालं होतं. थर्मास आमच्याकडे राहिलाय. डुलुथला जानेवारीत येऊ तेव्हा देते. अण्णांनी तिकीट पुढे ढकलायला सांगितलंय, त्यांना तळं गोठलेलं बघायचंय.